प्रोसेसर म्हातारा झालाय

कामावरून घरी आला की मिस्त्री आधी बूट काढायचा आणि मग पाठ भिंतीला टेकवून जमिनीवर तसाच बसून राहायचा. बायको म्हणायची, "अहो, निदान हात तरी धुवा." तो "धुतो" म्हणायचा आणि बसूनच राहायचा. ग्रीसने माखलेले हात मांडीवर उताणे ठेवून बसलेला हा माणूस बघितला की कोणालाही वाटावं, याला आता चार घास घालावेत आणि झोपवावं. पण नाही. जरा वेळाने साहेब कण्हत उठायचे, साबण लावून हात चोळायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर सुरू करून मोटारी पळवायला बसायचे.

लिफ्टची देखभाल हा त्याचा धंदा. आपण लिफ्टच्या आत उभे राहतो, हा लिफ्टच्या छतावर. दोन भिंतींमधल्या त्या काळोख्या विहिरीत उभं राहायचं, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात दोर तपासायचे, रूळ पुसायचे, नट आवळायचे, आणि एकेक मजला वर सरकायचं. तपासणीच्या वेळी लिफ्ट चालते ती मुंगीच्या चालीने. दिवसभर मुंगीच्या चालीने वर-खाली करणाऱ्या माणसाला संध्याकाळी सुसाट गाडी हाणावीशी वाटली, तर त्यात त्याचं काय चुकलं? वय वाढलं म्हणून माणसाने खेळायचं नाही, असं कोणी ठरवलंय कोण जाणे. बायकोनेही ते कधी ठरवलं नव्हतं. ती फक्त म्हणायची, "जेवण गार झालं तर मला सांगू नका."

शर्यतीत त्याच्याबरोबर नेहमीची टोळी असायची. एक बेकरीवाला, एक शाळामास्तर, एक औषधांच्या दुकानातला, आणखी एक-दोघे. कोणी कोणाचं तोंड बघितलं नव्हतं. कानाला हेडफोन लावले की ओळख फक्त आवाजाची. या टोळीत मिस्त्रीला 'वस्ताद' म्हणत. डोंगरातलं ते नागमोडी वळण ब्रेक न दाबता घ्यावं तर वस्तादानेच, असं मास्तर सगळ्यांना सांगायचा. दिवसभर कोणी शाबासकी देत नाही, लिफ्ट चालली तर तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. त्यामुळे मास्तरचं हे बोलणं मिस्त्रीला फार गोड लागायचं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. माणसाला कुठेतरी वस्ताद असावं लागतं.

पण गेले काही महिने वस्तादाचं काहीतरी बिनसलं होतं. वळण यायचं, तो बटण दाबायचा आणि गाडी वळायच्या आधीच कठड्यावर आदळायची. पुढच्या गाडीला चुकवायला जावं तर तिच्याच मागच्या दिव्यांत घुसायची. एकदा शेवटून दुसरा आला, मग शेवटचा, मग शेवटचाच येत राहिला. एका संध्याकाळी बेकरीवाला म्हणाला, "वस्ताद कसले, हे तर आपल्या टोळीचा मागचा दिवा." सगळे खो खो हसले. तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"हसा लेको," मिस्त्री म्हणाला, "माझा प्रोसेसर म्हातारा झालाय. मी बटण दाबतो तेव्हा तो विचार करत बसतो."

हे एकदा तोंडातून निघालं आणि त्याला पटूनच गेलं. कॉम्प्युटर खरोखर जुना होता. भाचीने, म्हणजे त्याच्या बहिणीच्या मुलीने, कॉलेजात असताना कुठून कुठून भाग जमवून तो बांधून दिला होता. आता ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला होती. मिस्त्रीने तिला फोन लावला आणि नवा प्रोसेसर बसवून दे म्हणाला.

"मामा, नुसता प्रोसेसर नाही बदलता येणार," ती म्हणाली. "नवा प्रोसेसर तुझ्या जुन्या मदरबोर्डवर बसतच नाही. म्हणजे मदरबोर्ड आला. त्यावर तुझी जुनी रॅम चालत नाही, म्हणजे रॅम आली. सगळं नवं घेतल्यासारखंच झालं."

 हे भाषण मिस्त्रीला तोंडपाठ होतं, कारण ते तो स्वतःच जन्मभर देत आला होता. जुन्या इमारतींचे सेक्रेटरी त्याला जिन्यात गाठून विचारत, नुसती मोटर बदलून नाही का भागणार? मग हा सांगायचा की मोटर बदलली की कंट्रोलर आला, कंट्रोलर आला की वायरिंग आलं. सेक्रेटरीचा चेहरा पडायचा आणि तो म्हणायचा, "बरं, मग या वर्षी राहू द्या." आज मिस्त्रीचा चेहरा तसाच पडला आणि तोही तेच म्हणाला, "बरं, मग राहू दे सध्या."

झालं, घोंगडं भिजत पडलं. घ्यावं की न घ्यावं? एक दिवस वाटायचं, घेऊन टाकू, आयुष्यात दुसरी हौस ती काय केली आपण? दुसऱ्या दिवशी वाटायचं, या वयात मोटारी पळवायला नवं मशीन, लोक तोंडात शेण घालतील. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुमच्या मनात असेल तर घ्या, पण रोज मला विचारू नका, माझं डोकं पिकलं." खरं तर त्याला निर्णय घ्यायचाच कंटाळा आला होता. दिवसभर दोर बरा आहे की बदलायचा, नट चालेल की काढायचा, हे ठरवून ठरवून माणसाचा भुगा होतो. घरी येऊन पुन्हा तेच?

त्यात कामावरही सगळ्या वस्तूंनी संप पुकारल्यासारखं झालं होतं. लिफ्टच्या छतावर जी बटणांची पेटी असते, तिच्यातलं बटण त्याला चिकट वाटायला लागलं. त्याचा जोडीदार म्हणजे लंबू. हे टोपणनाव, आणि ते का पडलं ते सांगायला नकोच. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या त्या विहिरीत, शिरताना लंबूला नमस्कार केल्यासारखं वाकावं लागतं. दोघांची वाटणी ठरलेली होती. पेटी मिस्त्रीच्या हातात. तो बटण दाबून धरेल तोवर लिफ्ट हळूहळू वर जाणार, त्याने बोट उचललं की थांबणार. लंबू शेजारी बसून, लिफ्ट ज्या लोखंडी रुळाला धरून चालते त्याला फडकं लावून धरणार. लिफ्ट वर सरकेल तसा रूळ आपोआप पुसला जातो. फक्त एक काळजी घ्यायची. रूळ भिंतीला धरून ठेवणारे लोखंडी कोन मधे मधे येतात. असा कोन जवळ आला की लंबू ओरडणार, "थांब!" आणि मिस्त्रीने त्या क्षणी बोट उचलायचं. वर जायचं असेल तर दोघांनीही मोठ्याने "वर" म्हणायचं, तोवर लिफ्ट हलवायची नाही. पण "थांब"ला उत्तर द्यायचं नाही. तिथे फक्त बोट उचलायचं.

असं ते दोघे वर्षानुवर्षं करत आले होते. मागच्या महिन्यात मात्र लंबू "थांब" ओरडला, आणि लिफ्ट थांबेपर्यंत फडकं कोनात अडकून त्याच्या हातातून खेचलं गेलं. लंबूने हात झटकला. काही लागलं नव्हतं. मिस्त्री मात्र बटणाला शिव्या घालत सुटला. "चिकटतंय हे! बोट उचललं तरी वर येत नाही साला!" त्याच दिवशी त्याने स्टोअरमधून नवी पेटी मागवून बसवली. लंबू म्हणाला, "बरं झालं," आणि दुसरं फडकं काढलं.

शेवटी भाचीच कंटाळली. शनिवारी दुपारी ती पाठीवर हत्यारांची पिशवी अडकवून आली आणि म्हणाली, "मामा, घ्यायचं की नाही ते आज ठरवून टाकू. आधी बघू दे तरी, तुझा प्रोसेसर करतोय काय."

तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतून धुळीची गादीच निघाली. पंखा पुसला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. मग गेम सुरू करून पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकडे आणले. प्रोसेसरला किती काम पडतंय, तो किती तापलाय, चित्र अडखळतंय का, ते सगळं त्यात दिसतं म्हणे. मिस्त्री एक शर्यत खेळला आणि ठरल्याप्रमाणे कठड्यावर आदळला. भाची आकडे बघत होती.

"अरे, हा तर आरामात चाललाय," ती म्हणाली. "तुझा गेम पण जुना आणि प्रोसेसर पण जुना, दोघांचं छान जमलंय. नवे गेम खेळायचे असतील तर नवा घे. या गेमला काही गरज नाही."

"मग गाडी उशिरा का वळते?"

"मी बघते." ती खुर्चीत बसली. तिला या खेळाची विशेष आवड नव्हती. रस्ताही ओळखीचा नव्हता. दोनदा ती रस्ता चुकली. पण डोंगरातलं ते वळण आलं तेव्हा तिने बटण दाबलं आणि गाडी वळली. पुढचं वळण आलं, पुन्हा वळली. मिस्त्री तिच्या खांद्यामागे उभा राहून बघत होता. मशीन तेच होतं आणि बटणंही तीच होती.

"कदाचित कीबोर्डचा किंवा स्क्रीनचा घोळ असेल," भाची म्हणाली. बिचारी मनापासून कारण शोधत होती. तिने एक साधी चाचणी उघडली. लाल पडदा हिरवा झाला रे झाला की बटण दाबायचं; किती वेळ लागला ते पडद्यावर येतं. तिने करून बघितली. पाच-सहा वेळा केली. "काही घोळ नाही. आता तू कर."

मिस्त्रीने केली. आलेला आकडा तिच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता. भाची हसून म्हणाली, "मामा, लक्ष कुठे आहे?" त्याने पुन्हा केली. तेवढाच. आता तो खुर्चीत पुढे सरकून, श्वास रोखून, डोळे फाडून बसला आणि पुन्हा केली. तेवढाच.

भाचीचं हसू मावळलं. ती म्हणाली, "दमलायस तू. सकाळपासून काम केलंयस. हे दमलेल्या माणसाने करायचंच नसतं." मग बायकोने चहा आणला, विषय दुसरीकडे गेला आणि जाताना भाची दारातून म्हणाली, "नको घेऊस रे नवा, उगाच खर्च." तिच्यापुरता प्रश्न सुटला होता.

रविवारी मिस्त्री मनसोक्त झोपला. उठून अंघोळ केली, पोटभर खाल्लं, आणि घरात कोणी नाही असं बघून ती चाचणी पुन्हा उघडली. आज दमल्याची सबब नव्हती. पडदा हिरवा झालेला त्याला दिसत होता. बोटाला 'दाब' म्हणून सांगितलेलंही कळत होतं. पण सांगणं आणि दाबणं यांच्या मधे कुठेतरी बोट रेंगाळत होतं. शंभरदा केलं असेल. मग त्याने पडदा बंद केला.

त्याला ती जुनी इमारत आठवली. तिथल्या रहिवाशांनी तक्रार केली होती की लिफ्टचं दार हल्ली फार लवकर मिटतं, खांद्याला लागतं. त्याने आणि लंबूने घड्याळ लावून मोजलं. दार पूर्वी जेवढं उघडं राहायचं तेवढंच राहत होतं. इमारत बांधली तेव्हा तरणी असलेली माणसं आता काठी टेकत लिफ्टमध्ये शिरत होती, एवढंच. रहिवाशांसमोर काही न बोलता त्यांनी दाराची वेळ वाढवून दिली आणि जिन्यात येऊन दोघे पोट धरून हसले होते. "दार बिचारं तेच आहे," लंबू म्हणाला होता. मिस्त्रीला आता त्या हसण्याची लाज वाटली.

पण खरी धडकी त्याला भरली ती त्या चिकट बटणाची आठवण होऊन. ते बटण चिकटत नव्हतं. नवी पेटी बसवली तीसुद्धा हल्ली थोडी चिकटते, असं त्याला वाटायला लागलं होतं, आणि तो स्टोअरवाल्याच्या नावाने खडे फोडत होता. गेममध्ये उशीर झाला तर गाडी कठड्यावर आदळते, मास्तर हसतो, दुसरी शर्यत सुरू होते. शाफ्टमध्ये या बोटाच्या भरवशावर लंबूचा हात असतो. फडकं गेलं ते नशीब. लंबूला दोन मुली आहेत, पत्र्याचा डबा बडवल्यासारखा मोठा आवाज आहे, आणि त्या दोन हातांशिवाय त्याच्याकडे पोट भरायचं दुसरं साधन नाही.

साहेबांना सांगितलं तर काय होणार, तेही त्याला माहीत होतं. ऑफिसात तक्रारींच्या फोनवर एक खुर्ची आहे. शाफ्टमध्ये निकामी झालेले सगळे मिस्त्री तिथे बसतात आणि दिवसभर "माणूस पाठवतो, माणूस पाठवतो" म्हणतात. आपण कधी त्या खुर्चीत बसणार नाही, असं प्रत्येकाला वाटतं. यालाही वाटत होतं. गप्प बसलं तर? लंबूला म्हणायचं, हल्ली फडकं लांबून धर. वेळ मारून नेता आली असती. दिवसभर तो तेच मनात घोळवत राहिला. संध्याकाळी टोळीने बोलावलं तर म्हणाला, आज नको, अंगात जीव नाही. आणि ते खरंच होतं. बायकोने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तो म्हणाला, "डॉक्टरला दाखवायला हवं एकदा. हात ऐकत नाही हल्ली." ती शेजारी येऊन बसली.

सोमवारी दोघे एका उंच इमारतीत गेले. नेहमीप्रमाणे लिफ्ट बंद केली, पाटी लावली आणि छतावर चढले. लंबूने फडकं काढलं. मिस्त्रीने पेटी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आज पेटी तू घे," तो म्हणाला. "फडकं मी धरतो."

"का रे?"

"माझं बोट उशिरा उचललं जातंय." हे बोलायला सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, पण पुढचं तो पेटीकडे बघतच बोलला. "बटण चिकटत नव्हतं. त्या दिवशी तुझं फडकं गेलं ते माझ्यामुळे. मी काल घरी नीट बघितलं. साहेबांना आज संध्याकाळी सांगणार आहे."

 लंबूने डोक्यावरचा दिवा जरा बाजूला वळवला. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून तो असं नेहमी करायचा.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"बोटाचं. मी आता 'थांब' आधीच ओरडतो. त्या दिवसापासून. कोन एवढा लांब असतानाच ओरडतो." त्याने दोन हातांनी अंतर दाखवलं. "म्हणजे तू थांबवेपर्यंत बरोबर जागेवर येतं."

 एवढे दिवस आपलं कसं छान चाललंय असं मिस्त्रीला वाटत होतं, आणि तिकडे हा गडी प्रत्येक कोनाला, प्रत्येक मजल्यावर, याच्या बोटाचा हिशेब आपल्या घशात सांभाळत होता.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो असतो तर तुला फोनवर बसवलं असतं. आणि मला दिलं असतं कुठलंतरी नवं पोर. ते तर माझं मुंडकंच उतरवेल." लंबू हसला नाही. "बरा होतास तू. नुसता उशीर. उशिराची सवय होते माणसाला."

मिस्त्रीला राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली इतकं हायसं वाटलं की त्याला तिथेच, त्या ग्रीसच्या छतावर, मटकन बसावंसं वाटलं. तो बसलाच. फडकं घेतलं आणि रुळाला लावलं. गेल्या कित्येक वर्षांत त्याने ही बाजू धरली नव्हती. रूळ गार लागत होता.

"वर," तो म्हणाला.

"वर," लंबू म्हणाला आणि लिफ्ट हलली.

फडक्याखालून रूळ सरकू लागला. वरच्या काळोखातून पहिला कोन उतरताना दिसला. आपला हात या बाजूला असला की तो केवढा मोठा दिसतो, हे त्याला आज कळलं. तो घाबरला. जरा आधीच ओरडला.

"थांब!"

शब्द तोंडातून पुरता निघायच्या आत लिफ्ट थांबली. कोन अजून चांगला हातभर लांब होता. मिस्त्री हातात फडकं धरून त्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. थांब म्हटल्यावर लिफ्ट इतकी लगेच थांबते, हे तो विसरूनच गेला होता.